शाळेत बसलेला खजिनदार

फार फार वर्षांमागे दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक लहानसं राज्य होतं. तिथली राणी शहाणी होती आणि तिचा खजिनदार भारी काटकसरी होता. त्याचं नाव विश्रामपंत. पंत प्रामाणिक होते. राज्याचा एक दाणा त्यांनी कधी स्वतःच्या घरी नेला नाही, आणि दुसऱ्यालाही सहजासहजी नेऊ दिला नाही. कोणी काही मागायला आलं की पंत आधी नकारार्थी मान हलवत आणि मग त्याचं म्हणणं ऐकत.

त्या राज्यात सात शाळा होत्या. दर वर्षी पावसाळा सरला की राणी स्वतः राजधानीतल्या शाळेत जाई आणि मुलांची परीक्षा घेई. त्या वर्षीही ती गेली. मुलांनी पाढे म्हटले. पावाचे म्हटले, अर्ध्याचे म्हटले, आणि दिडाचे तर इतक्या जोरात म्हटले की छपरावरची कबुतरं उडाली.

राणी खूश झाली. मग तिनं सहज विचारलं, "बाळांनो, अडीच शेर गूळ आहे. चार घरांना सारखा वाटायचाय. एकेका घराला किती येईल?"

शाळा एकदम गप्प झाली.

अंबादास नावाचा एक मुलगा पाढे सगळ्यांत वेगानं म्हणायचा. तो उठला आणि त्यानं पावाचा पाढा पहिल्यापासून सुरू केला. वाटेत कुठेतरी उत्तर भेटेल अशी त्याला आशा होती. पाढा संपला, उत्तर काही भेटलं नाही. अंबादास लाल होऊन खाली बसला.

राणीची नजर मागच्या कोपऱ्यात गेली. तिथे दहा वर्षांची एक मुलगी चटईच्या काड्या बोटांनी उलगडत, पुन्हा गुंफत बसली होती. "तू सांगतेस, बाळ?" राणीनं विचारलं. मुलीनं मान खाली घातली.

"ती भिवरा, राणीसाहेब. टोपल्या विणणाऱ्याची मुलगी," गुरुजी ओशाळून म्हणाले. "दोन वर्षं येतेय. पण बोलत नाही, आणि अजून एक अक्षर लिहीत नाही."

राणी उठली. दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना दरबारात बोलावलं.

"गुरुजी, मुलांना सगळं पाठ आहे आणि कळलेलं काहीच नाही. असं का?"

गुरुजी सरळ मनाचे होते. ते म्हणाले, "राणीसाहेब, मला पाठ करून घेताच येतं. मी तसाच शिकलो. पण गेल्या जत्रेत मी एक गोष्ट पाहिली. सावळाबाई नावाची एक बाहुलीवाली आली होती. लाकडाच्या बाहुल्या करते, त्यांना दोऱ्यांनी नाचवते, स्वतः ढोलकी वाजवते. माझीच मुलं तिच्याभोवती बसली होती. शाळेत जी मुलं जांभया देतात, ती तिथे बाहुलीचा हात किती लांब असावा यावर भांडत होती! तिला शाळेत ठेवून घेऊ या. तिला पगार द्यावा लागेल. लाकूड, रंग, माती, कापड, दोन ढोलक्या लागतील. मुलं बाहुल्या करतील, खेळ रचतील, आणि त्यातून गणित आणि भाषा शिकतील. निदान मला तसं वाटतं."

गुरुजींचं बोलणं संपायच्या आधीच विश्रामपंतांची मान हलली होती.

"गुरुजी, मुलांना गणित येत नाही म्हणून आपण त्यांना ढोलकी द्यायची? पाय दुखतो म्हणून डोक्याला तेल लावायचं? पाढ्यांचा एक तास वाढवा. त्याला काही खर्च नाही."

"तास वाढवून पाहिला, पंत. दोन वर्षं पाहिला."

"मग आणखी एक वाढवा! आणि राणीसाहेब, यंदाची शिल्लक आपण वेशीवरच्या कमानीसाठी ठेवलीय. दगड सांगून झालाय."

ही कमान म्हणजे पंतांचं जुनं स्वप्न होतं. गावाच्या वेशीवर उंच दगडी कमान, तिच्यावर राणीचं नाव, आणि खाली लहान अक्षरांत, 'खजिनदार विश्रामपंत यांच्या देखरेखीखाली'. तीस वर्षांच्या चाकरीत त्यांनी स्वतःसाठी एवढंच मागितलं होतं आणि राणीनं ते कबूलही केलं होतं.

राणीनं थोडा विचार केला. मग ती म्हणाली, "पंत, शिल्लक एकच आहे. कमान होईल, नाहीतर हे काम होईल. यातलं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तुमचा शब्द शेवटचा. पण न पाहता ठरवायचं नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा खर्च मी माझ्या खासगीतून करते. तेवढे दिवस रोज दुपारी तुम्ही शाळेत जायचं."

"तपासायला?"

"नाही. शिकायला. चटईवर, मुलांबरोबर."

दरबारात कोणीतरी खोकून हसू दाबलं. पंतांनी मान हलवायला सुरुवात केली, पण समोर राणी होती, म्हणून ती त्यांनी मधेच थांबवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रामपंत पगडी घालून शाळेत गेले आणि गुडघे कुरकुरत असताना चटईवर बसले. मुलं आधी बिचकली. दोन दिवसांत ती त्यांना 'पंतआजोबा' म्हणू लागली, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या पगडीला कोणाच्या तरी हातचा निळा रंग लागला.

सावळाबाई उंच, सावळी, ठणठणीत आवाजाची बाई होती. तिनं मुलांना पांगाऱ्याचं हलकं लाकूड दिलं, माती दिली, रंग दिले. पहिले पंधरा दिवस शाळेत नुसता आनंद होता. मुलं रंगवत होती, बडवत होती, हसत होती. गुरुजी कोपऱ्यात उभे राहून कौतुकानं पाहत होते.

सोळाव्या दिवशी पंत उठून उभे राहिले. "गुरुजी, मी खरं बोलू का? मुलं मजेत आहेत. मीही थोडाफार मजेत आहे. पण पंधरा दिवसांत कोणी काही शिकल्याचं मला दिसलं नाही. हे असंच चालणार असेल, तर माझं उत्तर आजच ऐकून घ्या."

गुरुजींना राग आला. पण सावळाबाई म्हणाली, "गुरुजी, पंत बरोबर बोलतात. मी हात चालवायला शिकवते, पण प्रश्न विचारणं तुमचं काम. तुम्ही तर भिंतीला टेकून उभे असता. खाली या ना, कामात बसा! मूल करवत धरतं तेव्हा विचारा, किती कापणार, आणि का."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी धोतर खोचून मुलांमध्ये बसू लागले. आणि मग शाळेचा रंग पालटला.

बाहुलीच्या डोक्याच्या सहापट तिची उंची हवी, असं सावळाबाई सांगे. गुरुजी विचारत, "तुझ्या बाहुलीचं डोकं अडीच बोटांचं. मग अख्खी बाहुली केवढी?" अंबादासनं पटकन काहीतरी सांगून लाकूड कापलं, आणि त्याची बाहुली डोक्याला जड अन् पायाला आखूड झाली. तो रडला. पाढे सगळ्यांत वेगानं म्हणणाऱ्या मुलाला आजवर चुकलेलं डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. त्यानं नवं लाकूड घेतलं, डोक्याचं माप सहा वेळा मोजलं आणि मगच करवत धरली.

पंतांची बाहुलीही उभी राहीना. ती सारखी उजवीकडे कलायची. पंतांनी दोरी बदलली, पाय तासले, पगडी काढून ठेवली, तरी ती कललेलीच. इतक्यात मागून कोणीतरी हसलं.

"पंतआजोबा, तुमच्या बाहुल्याचा एक हात लांब आहे. एका हातानं नमस्कार करतोय आणि दुसऱ्यानं मागतोय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिवरा बोलली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

गुरुजी पुढे होऊन तिचं कौतुक करणार होते. सावळाबाईनं त्यांचा हात हळूच धरला. पंत मात्र जणू काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "लांब आहे? किती लांब, बघ बरं."

भिवरा जवळ आली. तिनं दोन्ही हातांना बोटं लावली. "तीन बोटं."

"मग तीन बोटं कापू?"

"कापा. पण एकदम नको. आधी दोन कापा. मग बघू." टोपल्या विणणाऱ्याच्या मुलीला ठाऊक होतं की कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.

त्या दिवसापासून भिवरा पंतांच्या शेजारी बसू लागली.

मग ढोलकी आली. सावळाबाई मुलांना टाळ्या वाजवायला लावे आणि म्हणे, "दोन टाळ्यांच्या मधे मी किती वाजवते ते ऐका." कधी ती दोन थापा मारी, कधी चार. गुरुजी विचारत, "चार थापांतली एक म्हणजे टाळीचा किती भाग?"

"पाव!" मुलं ओरडत.

"आणि तीन थापा झाल्या, म्हणजे किती?"

भिवरानं ढोलकी जवळ ओढली. अंबादासनं टाळी धरली. तिनं तीन थापा हवेतच मारल्या, न वाजवता, आणि चौथ्या वेळी तेवढी खरी थाप दिली. "इथे," ती म्हणाली. "तीन पाव उलटले की ही जागा येते. इथपर्यंत पाऊण झालं."

पंत ऐकतच राहिले. तीस वर्षं त्यांनी वह्यांमध्ये पाऊण लिहिलं होतं. पाऊण कसं वाजतं, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं.

संक्रांत महिन्यावर आली. आता खेळ बसवायचा होता. गोष्ट मुलांनीच रचली. एक चिमणी एका राजाच्या खजिनदाराकडे दाणे मागायला जाते आणि खजिनदार प्रत्येक गोष्टीला 'परवडत नाही' म्हणतो. खजिनदाराची बाहुली कोणी नाचवायची, यावर मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"मी नाचवतो," पंत गंभीरपणे म्हणाले. "मला सराव आहे."

चिमणीचं बोलणं भिवरा रचत होती. ते इतकं मजेदार असे की मुलं पोट धरून हसत. पण दुसऱ्या दिवशी तिला तेच शब्द आठवत नसत आणि ती रडकुंडीला येई.

"पंतआजोबा, तुम्ही सगळं वहीत लिहिता. लिहिलेलं उद्या तसंच राहतं का?"

"तसंच राहतं. मी मेलो तरी राहील."

"कोणीही बदलू शकत नाही?"

"खोडल्याशिवाय नाही."

भिवरानं पाटी पुढे केली. "मग मला 'चि' काढून द्या."

त्या महिन्यात ती जितकी अक्षरं शिकली, तितकी दोन वर्षांत शिकली नव्हती. कोणी तिला गिरव म्हणत नव्हतं. तिला चिमणीचं बोलणं हवं होतं आणि त्यासाठी अक्षरं हवी होती. 'ळ' तिला उलटा येई. पंत तो पुसत, ती पुन्हा काढी. एका दुपारी तिनं एक अख्खं वाक्य लिहिलं आणि पंतांपुढे पाटी धरली. पंतांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचलं.

"हे चिमणी म्हणणार?"

"हो. चालेल ना?"

पंतांनी पाटी तिच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "शुद्धलेखनाची चूक नाही. चालेल."

संक्रांतीच्या दुपारी शाळेच्या अंगणात सारं गाव जमलं. राणी आली, दरबारी आले, भिवराचे आईवडील टोपल्या बाजूला ठेवून बसले. खेळाआधी राणीनं कापडाचा एक तुकडा वर धरला.

"पावणेचार हात कापड आहे. पाच बाहुल्यांना सारखं द्यायचंय. एकीला किती?"

या वेळी शाळा गप्प झाली नाही. गोंगाट झाला. कोणी बोटं मोजू लागलं, कोणी जमिनीवर रेघा ओढल्या, दोघं टाळ्या धरून पुटपुटू लागले. अंबादास उठला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि म्हणाला, "थांबा, मला करून बघू द्या." राणीनं त्या मुलाकडे फार समाधानानं पाहिलं.

तेवढ्यात भिवरा म्हणाली, "पावणेचार हात म्हणजे पंधरा पाव. पाच जणींना तीन तीन पाव. म्हणजे पाऊण हात." आणि जरा थांबून तिनं विचारलं, "पण पाचवी बाहुली जाडी आहे. तिला पुरेल का?"

अंगण हसलं. राणी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

मग खेळ झाला. पंत पडद्यामागे घामाघूम होऊन दोऱ्या ओढत होते. चिमणीनं दाणे मागितले. 'परवडत नाही!' पाणी मागितलं. 'परवडत नाही!' लोक हसत होते आणि चोरून दरबाऱ्यांकडे पाहत होते. शेवटी चिमणी म्हणाली, "खजिनदारसाहेब, मी तुम्हाला एक गाणं ऐकवू?"

"परवडत नाही!"

तेव्हा भिवरानं ते पाटीवरचं वाक्य म्हटलं. "ऐकलंच नाहीत, तर परवडत नाही हे कळलं कसं?"

यावर खजिनदाराच्या बाहुलीला बोलायला काही लिहिलेलंच नव्हतं. पंतांनी हळूच एक दोरी सैल सोडली. लाकडी खजिनदारानं मान खाली घातली आणि तो चिमणीसमोर मांडी घालून बसला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भिवराची आई मात्र टाळ्या वाजवायची विसरली होती. आपली मुलगी इतक्या लोकांत बोलते आहे, हेच ती पाहत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवट कमानीचा नकाशा घेऊन पंतांच्या दारात आला. पंतांनी नकाशा ओसरीवर पसरला. कमान सुंदर होती. त्यांचं नाव कुठे येणार तिथे पाथरवटानं लाल खूण केली होती. पंतांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं. मोह झाला, आणि तो लहान नव्हता. कमान आता झाली नाही तर आयुष्यात पुन्हा होणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नकाशा गुंडाळला, पाथरवटाला गूळपाणी दिलं, आणि ते दरबारात गेले.

"काय ठरलं, पंत?" राणीनं विचारलं.

"राणीसाहेब, कमान राहू द्या. शिल्लक शाळेला द्या. आणि एका शाळेला नाही, सातही शाळांना. सावळाबाईंनी ठिकठिकाणचे कलावंत निवडावेत. कोणी चितारी असेल, कोणी कुंभार, कोणी ढोलकीवाला. त्यांना शिक्षकाइतकाच पगार मिळेल."

एक दरबारी उठला. "पंत, तुम्ही? तुम्ही हे म्हणता? मुलं पाढे विसरून नाचत बसतील!"

"पाढे कोणी विसरलेलं नाही. तुम्ही जाऊन विचारा. आता त्यांना पाढे कशासाठी असतात हेही ठाऊक आहे," पंत म्हणाले. "मात्र माझी एक अट आहे. नुसते रंग वाटून आम्ही मोकळे झालो असं व्हायचं नाही. दर तीन महिन्यांनी मुलं काय शिकली ते मी स्वतः जाऊन पाहीन. जिथे गुरुजी भिंतीला टेकून उभे दिसतील, तिथे मी त्यांना माझ्या शेजारी चटईवर बसवीन."

राणीनं विचारलं, "आणि तुमचं नाव, पंत?"

पंत थोडे हसले. "नाव काय, राणीसाहेब. परवा भिवराच्या पाटीवर ते लिहिलेलं पाहिलं. अक्षर जरा वाकडं होतं, पण मला पुरलं."

त्या वर्षी सातही शाळांत काम सुरू झालं. सगळीकडे सारखं जमलं नाही. एका शाळेत कलावंत आणि गुरुजी यांचं पटेना. दुसरीकडे रंग आले आणि पेटीतच वाळले. पंत तिथे गेले, चटईवर बसले, ऐकलं, आणि घडी बसेपर्यंत हलले नाहीत. तीन वर्षांत राणीच्या परीक्षेला लहान मुलं उलट राणीलाच प्रश्न घालू लागली.

पुढे आठ वर्षांनी पावसानं ओढ दिली. वरचं गाव आणि खालचं गाव कालव्याच्या पाण्यावरून भांडू लागली. काठ्या निघाल्या. दरबारानं दोनदा कारकून पाठवले. त्यांनी आकडे वाचून दाखवले, पण आकड्यांवर कोणाचाच विश्वास बसेना. प्रत्येकाला वाटे, आपल्याला फसवतायत.

तिसऱ्या वेळी राणीनं भिवराला पाठवलं. ती आता राज्याची मोजणीदार होती आणि अंबादास तिच्या हाताखाली काम करत होता. तिनं कागद उघडलाच नाही. तिनं दोन्ही गावांच्या लोकांना मातीकामाला लावलं. मोकळ्या मैदानावर त्यांच्याकडूनच मातीचं लहानसं तळं करून घेतलं, कालवा करून घेतला, शेतं आखून घेतली. वरच्या गावाची शेतं तीन, खालच्या गावाची पाच, अशी रंगीत मातीनं भरली. मग तळ्यात पाण्याची घागर ओतली. पाणी खळखळत निघालं, आणि वरच्या गावानं कालव्याचं दार अडवलं की खालची पाच शेतं कशी कोरडी राहतात, ते सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

वरच्या गावचा म्हातारा पाटील उकिडवा बसून ते पाहत होता. त्यानं स्वतःच्या हातानं मातीचं दार उचललं, थोडं बाजूला सरकवलं, आणि आठही शेतं भिजेपर्यंत थांबला.

"एवढं उघडं ठेवायचं?" त्यानं विचारलं.

"एवढंच," भिवरा म्हणाली.

"मग आधी का नाही कोणी दाखवलं, पोरी?" म्हातारा उठला आणि त्यानं हातातली काठी टाकून दिली. त्या वर्षी दोन्ही गावांची पिकं तरली.

या गोष्टीचं तात्पर्य असं: मुलाच्या हाताला काम, कानाला ताल आणि मनाला गोष्ट मिळाली की शिकलेलं त्याच्या अंगी लागतं. म्हणून शाळेतल्या कलेवर केलेला खर्च हा शिक्षणावरचाच खर्च असतो; आणि त्याला नाही म्हणण्याआधी मोठ्यांनी एकदा तरी चटईवर बसून पाहावं.